तक्रार: शाखांचे राऊटिंग बिघडवून वर नवीन ब्लॉकसाठी पैसे मागणे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आमची तक्रार आज पुन्हा ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली गेली. निराकरण झालेले नाही. मुख्य कार्यालयातल्या एका संगणकावरून शाखेचा सर्व्हर उघडतो, शेजारच्या संगणकावरून उघडत नाही.

आम्हाला १९२.१६८.१०.०/२४ एवढाच, म्हणजे २५६ पत्त्यांचा, ब्लॉक आहे. (तिरप्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे मास्कची लांबी; तो जितका मोठा, तितका पत्त्यांचा तुकडा लहान. पुढे पत्त्याचा फक्त शेवटचा भाग लिहिला आहे.) त्याची वाटणी मोठ्या गरजेपासून सुरुवात करून केली होती आणि जोडणीच्या वेळी तुमच्या इंजिनिअरच्या हाती दिली होती. मुख्य कार्यालयाच्या १०० संगणकांना .०/२५, पहिल्या शाखेच्या ५० ना .१२८/२६, दुसऱ्या शाखेच्या २५ ना .१९२/२७, मुख्य कार्यालयातल्या १२ कॅमेऱ्यांना .२२४/२८. मुख्य कार्यालयाला शाखांशी जोडणाऱ्या दोन लिंकना .२४०/३० आणि .२४४/३०. एवढे करून .२४८ पासूनचे आठ पत्ते शिल्लक राहतात. सगळीकडे सारखा /२७ लावला असता तर एका तुकड्यात ३० च यंत्रे बसली असती.

तुमच्या माणसाने आम्हाला न विचारता लिंकवर १०.०.०.० मधले पत्ते टाकले आणि राऊटर एकमेकांना रस्ते कळवतात त्या रिप प्रोटोकॉलच्या आवृत्ती २ मध्ये ऑटो-समरी, म्हणजे तुकड्यांऐवजी अख्खे नेटवर्क जाहीर करण्याची सोय, चालू ठेवली. लिंकचे मूळ नेटवर्क बदलले की शाखेचा राऊटर आपला /२६ किंवा /२७ न सांगता अख्खा /२४ च जाहीर करतो. दोन्ही शाखा तेच करतात. मुख्य राऊटरला एकाच नेटवर्कचे सारख्या अंतराचे दोन रस्ते दिसतात आणि तो वाहतूक दोन्हींकडे वाटतो. म्हणून पॅकेट चुकीच्या शाखेकडे जातात.

हे मी फोनवर सावकाश, दोनदा सांगितले. उत्तर आले, “सर, वेगवेगळे मास्क लावले की गोंधळ होणारच. सगळीकडे २५५.२५५.२५५.० ठेवा.” म्हणजे सगळीकडे /२४. मी विचारले, मग एकाच /२४ मध्ये तीन ठिकाणे कशी बसवायची? “प्रत्येक शाखेला वेगळा ब्लॉक देतो ना. बदलाचा चार्ज लागेल.” ऑटो-समरी बंद आहे का, एवढे तरी बघा म्हटल्यावर, “ते आमच्या स्क्रिप्टमध्ये नाही, सर,” म्हणून फोन ठेवला. बिघाड तुम्ही करायचा आणि दुरुस्तीचे पैसे आम्ही द्यायचे, हा आमचा अपमान आहे. एका नेटवर्कात वेगवेगळ्या लांबीचे मास्क १९८७ च्या आरएफसी १००९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजापासून मान्य आहेत. मास्क सोबत नेणारी रिपची दुसरी आवृत्ती १९९३ ची. नेटवर्क सांभाळण्याचे मासिक भाडे घेणाऱ्या कंपनीला हे माहीत असलेच पाहिजे.

तिन्ही राऊटरवर ‘नो ऑटो-समरी’ द्या, लिंकचे पत्ते मूळ आराखड्याप्रमाणे करा, जुने रूट पुसा. नंतर मुख्य राऊटरच्या तक्त्यात १९२.१६८.१०.१२८/२६ आणि १९२.१६८.१०.१९२/२७ आपापल्या लिंकवरून स्वतंत्र दिसले पाहिजेत. तो तक्ता ईमेलने पाठवा, त्याआधी तक्रार बंद करू नका. आम्हाला न विचारता लिंकचे पत्ते बदलले कोणी, याचेही लेखी उत्तर हवे.

सात दिवसांत हे झाले नाही तर बिघाडाच्या काळाचे भाडे बिलातून वजा करू आणि कराराचे नूतनीकरण करणार नाही. बदलाचा चार्ज एक रुपयाही देणार नाही.

नेटवर्क प्रशासक