वारीतील अनाम सोबत्यांचे आभार

आमचे दिवंगत वडील दिवे घाट चढून सासवडच्या वाटेला लागले असता भोवळ येऊन कोसळले, तेव्हा आमच्यापैकी कोणीही त्यांच्याजवळ नव्हते. ज्या वारकरी बंधूंनी त्यांना सावलीत निजवले, गर्दीतून रुग्णवाहिकेला वाट करून दिली आणि डायरीतील क्रमांकावर आम्हाला कळवले, त्यांची नावेही आम्हाला ठाऊक नाहीत.

आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वडील भाकरी थापायला शिकले (ती गोल कधीच झाली नाही, हे नमूद करायला हवे) आणि नातींच्या वेण्या घालण्याचे कामही त्यांनी आपणहून स्वीकारले. नेत्रदान ही त्यांची जुनी इच्छा होती. मृत्यूनंतर साधारणपणे सहा तासांच्या आत बुबुळे काढावी लागतात. म्हणून रुग्णालयातील एका परिचारिकाताईंनी, वडिलांच्या डायरीतील नोंद वाचताच, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवला, पंखा बंद केला, डोक्याखाली उशी सारली आणि नेत्रपेढीला बोलावून घेतले, त्यामुळे आम्ही पोहोचल्यावर संमतीपत्रावर आईची सही तेवढी उरली होती. या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत. वडिलांचे टाळ दिंडीतील कोणाकडे राहिले असल्यास ते परत न पाठवता पुढील वारीत वाजवावेत, अशी आईची विनंती आहे.

— समस्त कुटुंबीय