भरतीचे वेळापत्रक फलकावर लावा

महोदय,

तीस वर्षे एसटी चालवली, पण कोकण किनारा सावकाश पाहिला तो निवृत्तीनंतर, गेल्या डिसेंबरात. दापोलीहून निघालो. दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो. चिपळूणचा वळसा वाचला. पुढे गुहागर, मग हेदवी.

हेदवीच्या बामणघळीसाठी सौ. खास उत्सुक होती. लाट कपारीत घुसून उंच उसळते, हे मीच तिला रंगवून सांगितलेले. गेलो तर ओहोटी! कपारीच्या तळाशी पाणी नुसते चुळबुळत होते. "हेच का तुमचे कारंजे?" म्हणाली. चूक माझीच, मुक्कामाची वेळ पाहिली, भरतीची वेळ जिच्यावरून कळते ती तिथी नाही. पण वाटेवर भरतीच्या वेळांचा साधा खडूचा फळा असता तर?

तवसाळहून दुसऱ्या बोटीने जयगड, गणपतीपुळे आणि संध्याकाळी आरे-वारे. तिथे दर वळणावर गाड्या रस्त्यातच उभ्या, दारे उघडी, सगळे फोटोत दंग. चालक म्हणून पोटात गोळा आला. दोन-तीन ठिकाणी कडेला गाडी थांबवण्यापुरती जागा आणि एक स्वच्छतागृह, संबंधितांनी एवढे तरी मनावर घ्यावे.

– एक निवृत्त एसटी चालक, सातारा