ऑफसेट सुपरवायझरने टाकला, ऑपरेटर तिथेच राहिला

संपादक महोदय,

कुपवाड, मिरज एमआयडीसीत ‘ऑपरेटर टिकत नाहीत’ ही तक्रार नेहमीची. पगार हे कारण आहेच; पण सुपरवायझर हाताखालच्या माणसाला शिकवतो कसा, हे कुणी पाहत नाही.

सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या) लेथवर इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे कापणारे टोक, झिजला की जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, बोअर (आतले भोक) लहान येऊ लागतो. समजा ०.०४ मिमी. ऑपरेटर हाक मारतो, सुपरवायझर येऊन ऑफसेट, म्हणजे हत्याराची जागा सुधारणारा आकडा, मशीनमध्ये टाकतो, ‘चालव आता’ म्हणून निघून जातो. मशीन दोन मिनिटांत सुरू होते आणि काही जॉबनंतर पुन्हा तीच हाक. त्याऐवजी ‘बोअर मोज. किती कमी? मग एक्समध्ये (व्यासाच्या दिशेत) अधिक टाकायचे की उणे?’ असे विचारले तर पाच-सात मिनिटे जादा जातील, पण पुढच्या वेळी हाक येणार नाही. आकडा मात्र ऑपरेटरने टाकावा आणि सायकल सुरू करण्याआधी सुपरवायझरने पाहावा. ०.०४ च्या जागी ०.४ पडले तर जॉब भंगारात. बोअरमध्ये जादा कापलेला धातू परत लावता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांनी नवख्या कामगारांना शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत बसवली : माणसाची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवत हळूहळू मोकळे सोडा. आपल्याकडे तिसरी पायरीच गळते. ‘समजले का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो साहेब’ हेच येणार. त्याने स्वतः करताना प्रत्येक टप्प्याचे कारण बोलून दाखवले, तरच समजले म्हणायचे. जुन्या, कसलेल्या ऑपरेटरला मात्र पायरी-पायरीने शिकवायला जाऊ नये, तो दुखावतो. त्याला फक्त अडलेले विचारावे.

सगळ्यात घातक म्हणजे चारचौघांत झापणे. झापलेला मुलगा पुढचा बिघडलेला जॉब गुपचूप चिप्सच्या (धातूच्या किसाच्या) ट्रॉलीत टाकतो. महिनाअखेरीस नग जुळत नाहीत आणि चूक कुठे झाली ते कळायची वाटही बंद झालेली असते. चूक मशीनजवळ, जॉब हातात घेऊन, दोघांतच बोलावी. तीही शिफ्ट बदलाच्या घाईत नको.

पण सुपरवायझरला वेळच दिला नाही तर तो शिकवणार कधी? कारखानदारांना विनंती आहे : महिन्याच्या बैठकीत त्याला उत्पादनाच्या आकड्याबरोबर एवढेही विचारा, की या महिन्यात कोणता ऑपरेटर न विचारता ऑफसेट देऊ लागला?

— एक वाचक, कुपवाड (सांगली)