दाखल होण्याआधी एक अनुभवी माणूस भेटू द्या

मा. संपादक,
स. न.

मूळपेशी (रक्त तयार करणाऱ्या पेशी) प्रत्यारोपणावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. माहिती चोख आहे. मी स्वतः रक्ताच्या कर्करोगासाठी बहिणीच्या मूळपेशी घेतल्या आहेत, म्हणून त्यात राहून गेलेलं एक सांगतो.

प्रत्यारोपणाआधी माझं हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, अगदी दातसुद्धा तपासले. डॉक्टरांनी संमतीपत्र ओळ न् ओळ समजावलं, धोके लपवले नाहीत. तरी दाखल होण्याच्या आदल्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. मनातले प्रश्न डॉक्टरांना विचारायला फार किरकोळ वाटत. तोंड येऊन बोलता येईना झालं तर पाणी कसं मागायचं? बहिणीच्या पेशी रुजल्याच नाहीत तर तिला काय सांगायचं?

ओपीडीच्या बाकावर योगायोगाने एक निवृत्त शिक्षिका भेटल्या, यातून आधीच गेलेल्या. म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी शून्याजवळ आल्या की घाबरू नका, जुन्या पेशी मारणं हे आधी देतात त्या केमोचं कामच. नंतर दोन-तीन आठवडे तो आकडा कधी वाढतो म्हणून रोज सकाळी डोळे लावून बसाल. वही-पेन उशाशी ठेवा. आणि केस गळायच्या आधीच उतरवून टाका." प्रत्यारोपणाच्या दिवशी सलाइनच्या स्टँडला एक पिशवी लावली, रक्त चढवतात तशी. तासाभरात रिकामी. बायको म्हणाली, "एवढंच?" बाईंनी तेही सांगून ठेवलं होतं, की त्या दिवशी काही वाटणार नाही, त्रास पुढच्या आठवड्यात.

सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते. बहीण जुळली तेव्हा घरात आनंदीआनंद होता. पुढे तिच्याच पेशींनी माझ्या त्वचेला परकं ठरवलं, अंगभर पुरळ उठलं. "माझ्यामुळे झालं," म्हणून ती रडत बसली. असं होऊ शकतं, यात दात्याचा काही दोष नसतो, हे तिच्याशी आधी बोलून ठेवा असं बाईंनी बजावलं होतं. मी टाळलं. चूक माझीच. (आता माझा रक्तगटही तिचाच आहे, आणि लहानपणीच्या लसी पन्नाशीत नव्याने घेतोय.)

माझं म्हणणं एवढंच की अशी भेट योगायोगावर सोडू नये. रुग्णालयांनी तपासण्यांच्या यादीतच ती धरावी. सोबत राहणाऱ्या नातेवाइकालाही तसाच कुणी नातेवाईक भेटवावा; माझ्या बायकोला विचारायला कुणीच नव्हतं. अर्थात औषधांबद्दल आम्ही तोंड उघडायचं नाही, ते डॉक्टरांकडेच. आणि ज्याची जखम अजून ओली आहे त्याला या कामाला बसवू नये.

गेल्या महिन्यात प्रत्यारोपणासाठी दाखल होणाऱ्या एका तरुणाला भेटलो. अर्धा तास तो गप्पच होता. उठताना म्हणाला, "आरशात कधी बघितलंत?" मी म्हटलं, "घरी आल्यावर, चौथ्या दिवशी. तोवर बायकोने आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता."

आपला,
एक वाचक