चेक म्हण, नाहीतर शह

चि. मंदार,
अ. उ. आ.

परवा तू घरभाड्याच्या चेकबद्दल लिहिलंस आणि मी मुद्दा सोडून तुझं स्पेलिंग धरलं. 'क्यू-यू-ई कुठे गेलं? अमेरिकेने खाल्लं?' ३१ वर्षं बँकेत चेक पास केले, खोड जात नाही.

नंतर कोश उघडला आणि तोंडावर आपटलो. १८व्या शतकात इंग्लंडातसुद्धा हा शब्द तुझ्यासारखाच, सी-के लावून लिहीत. आणि तेव्हा चेक म्हणजे आधी काउंटरफॉइल, कागद फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणारी पट्टी! आलेला कागद खरा की बनावट, ते तिच्याशी ताडून बघायचं. क्यू-यू-ईचं शेपूट मागाहून चिकटलं, 'एक्स्चेकर' या खजिन्याच्या शब्दाकडे बघून. तेव्हा जुनं स्पेलिंग तुझंच. माझे शब्द मागे.

हे एक्स्चेकर प्रकरण मात्र झकास आहे. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेजावर चाले. त्यावर रेघांनी घरं पाडलेलं काळं कापड. शेरीफ वसुली घेऊन आला की त्या घरांत सोंगट्या सरकवत बेरीज-वजाबाकी. ना कॅल्क्युलेटर, ना लेजर! कापड बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून खात्याला नाव पटाचं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही तेच नाव मिरवतो. तुझे ते चेक्सचे शर्टही त्याच पटावरचे.

आणि पटाचं नाव फारसी 'शाह'वरून. अरबी, लॅटिन, फ्रेंच अशा तोंडांतून जाताना त्याचं पार रूप पालटलं. राजावर हल्ला आला की तो शब्द पुकारायचा. राजा अडला, म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवून तपासणं त्याच्याही पुढचं.

आठवतं, तू "चेक!" ओरडायचास आणि आजोबा तुझा हात धरायचे? "शह म्हण, शह. घरात इंग्रजी नको." अरे, दोघं एकच शब्द म्हणत होतात! त्यांचा फारसीतून थेट मराठीत आलेला, तुझा सगळा युरोप हिंडून. हे तेव्हा ठाऊक असतं तर किती भांडणं वाचली असती. अर्थात, आजोबांनी ते मानलं असतं असं नाही.

पट माळ्यावरून काढलाय. काळा उंट सापडत नाही, आईने त्या जागी दोऱ्याचं रीळ ठेवलंय. दिवाळीला आलास की पांढरे मोहरे तू घे.

तुझे बाबा