रथसप्तमीच्या चौकटीत दूध हवं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

४ फेब्रुवारी २०२५ च्या अंकात रथसप्तमीची चौकट वाचली. सूर्यनमस्कार आले, सात घोड्यांचा रथ आला, संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचा हा शेवटचा दिवस, हेही आलं. अंगणात गोवऱ्यांवर बोळकं ठेवून दूध उतू घालतात, याचा मात्र एक शब्द नव्हता. चौकटीला जागा कमी असते हे कळतं. पण जे राहिलं ते या सणाचं काळीज आहे, असं मला मनापासून वाटतं. यंदा ते मला माझ्या आयरिश सुनेमुळे नव्याने कळलं, म्हणून हे पत्र.

मुलगा आयर्लंडमध्ये नोकरीला आहे. सून तिथलीच, कॉर्क परगण्यातल्या एका खेड्यात वाढलेली. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच महिनाभर इंदूरला आली. निघण्याआधी फोनवर तिने एकच गोष्ट विचारली, “आई, १ फेब्रुवारीला तुमचं स्वयंपाकघर मला मिळेल का?”

१ फेब्रुवारीला त्यांच्याकडे ‘इम्बोल्क’ असतो. ख्रिस्ती धर्म तिथे पोचण्याच्या आधीपासून आयरिश लोक वर्षाचे चार सांधे पाळत आले, त्यातला हा हिवाळा आणि वसंताचा सांधा. ब्रिजिड नावाच्या देवीचा दिवस. ती कवींची, वैद्यांची आणि लोहारांची देवी. पुढे त्याच नावाची किल्डेअरची संत ब्रिजिड झाली आणि दिवस तिच्या नावावर आला. तिच्या कथाही दुधातुपाच्याच: लहानपणी ती घरचं लोणी गोरगरिबांना वाटून टाकायची आणि हिशेब मागायला माणूस आला की भांडी पुन्हा भरलेली असायची. २०२३ पासून आयर्लंडमध्ये या सणाची सरकारी सुट्टीही असते.

सून स्वतःला ‘पेगन’ म्हणवते, म्हणजे चर्चच्या आधीचे ते ऋतूंचे सण मानणारी. नात्यातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे काय नवीन? घरात कशाला?” मी त्यांना सांगितलं, सूर्य, अग्नी, पाणी आणि दुभतं जनावर यांना हात जोडणारी मुलगी आपल्या घराला परकी कशी असेल?

एका जुन्या आयरिश शब्दकोशात या सणाला ‘ओइमेल्क’ म्हटलं आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे मेंढीचं दूध. हे तिने सांगितलं तेव्हा माझे कान टवकारले. मेंढी पाच महिने गाभण असते. शरद ऋतूत फळली की फेब्रुवारीच्या आसपास विते. तोवर पूर्वीच्या घरांत गाई आटलेल्या असायच्या, मीठ लावून ठेवलेलं लोणी तळाला गेलेलं असायचं. अशा वेळी मेंढ्यांच्या कासा भरायला लागल्या की घरातल्या बाईला कळायचं, मुलं आता जगतील. त्या दिवशीच्या जेवणात दूध, ताक, ताजं लोणी असतं ते यासाठी.

मी तिला म्हटलं, मग आपण खरवस करू या. व्यालेल्या जनावराचाच सण आहे तर चिकाहून मोठं नैवेद्याचं पान कोणतं? योग असा, की आमच्या दूधवाल्याची म्हैस ३० जानेवारीला व्याली होती. पहिल्या दिवसाचा चीक रेडकाला पोटभर पाजला का, हे मी आधी विचारलं. वासराच्या रक्तात जन्मतः रोगाशी लढणारी प्रथिनं जवळजवळ नसतात, ती त्याला चिकातूनच मिळतात आणि तीही पहिल्या दिवसाच्या आत प्यायला तरच आतड्यातून रक्तात उतरतात. (३१ वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे सांगितल्यावाचून राहवत नाही.) त्याने दुसऱ्या दिवशीचा चीक लोट्यात आणून दिला. पिवळसर, दाट, बोटाला चिकटणारा. तेवढंच दूध घातलं, गूळ विरघळवला, वेलची आणि जायफळ किसून घातलं, डबा कुकरमध्ये शिटी न लावता वीस मिनिटं ठेवला. सून शेजारी उभी. विरजण नाही, जिलेटिन नाही, तरी हे घट्ट कसं होणार, असं तिला वाटत होतं. तीच प्रथिनं उष्णतेने आळतात आणि खरवस थरथरत उभा राहतो. झाकण काढल्यावर तिने चमच्याच्या मागच्या बाजूने वर हलकेच टिचकी मारली, थरथर पाहिली, आणि म्हणाली की तिची आजीही पहिल्या दुधाचं असंच काहीतरी करायची, तिने मात्र ते कधी चाखलं नव्हतं.

मग लोणी. सहा दिवसांची साय विरजून ठेवलेली होती. रवी तिने हातातून सोडलीच नाही. थंडीत लोणी लवकर येत नाही, कोमट पाणी घालावं लागतं, हे मी सांगितलं. ताक घुसळताना आधी आवाज पातळ असतो, घळघळ, मग जड होतो, मग एका क्षणी रवीला काहीतरी धरल्यासारखं होतं आणि कण सुटतात. त्या क्षणी ती थांबली आणि मला हाक मारली. गोळा बाहेर काढल्यावर मात्र चेहरा पडला. “हे इतकं पांढरं का? बिघडलं का?” तिकडच्या गाई हिरव्या गवतावर चरतात, गवतातला कॅरोटीन लोण्यात उतरतो म्हणून त्यांचं लोणी पिवळंधमक. म्हैस तो कॅरोटीन स्वतःच जीवनसत्त्व ‘अ’ मध्ये बदलते, म्हणून आपलं लोणी चांदण्यासारखं. हे ऐकल्यावर तिने बोटावर घेऊन चाखलं आणि मग अर्धी वाटी नुसतंच संपवलं.

बाकीचे दोन पदार्थ तिने केले. उकडलेल्या बटाट्याचं मऊ भरीत, त्यात परतलेली पत्ताकोबी, पातीचा कांदा, गरम दूध, आणि वाढताना मधोमध खळगा करून त्यात लोण्याचा गोळा. भाताच्या मुदीला आळं करून आपण तूप सोडतो, अगदी तसं. दुसरा सोडा ब्रेड: मैदा, कणीक, मीठ, खायचा सोडा आणि त्याच घुसळणीतलं ताक. ताकातलं आम्ल सोड्याशी मिळून वायू सोडतं, यीस्टची गरज लागत नाही. वर सुरीने फुली काढायची. आमच्याकडे ओव्हन नाही, बाट्या भाजायच्या गॅस तंदूरमध्ये भाजला. तिकडे पूर्वी तो लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून भाजत, हे ऐकून माझ्या यजमानांना आपली चुलीवरची बाफल्यांची (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) पद्धत आठवली.

रात्री तिने ब्रेडचा एक तुकडा लोणी लावून खिडकीत ठेवला आणि माझ्या जुन्या सुती साडीचा एक तुकडा बाहेर बांधला. रात्री ब्रिजिड दारावरून जाते, त्या कापडाला हात लावते, मग वर्षभर डोकं दुखलं की ते बांधायचं, अशी चाल आहे. सकाळी ते दवाने ओलसर होतं. तिने घडी करून बॅगेत ठेवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. ४ तारखेची रथसप्तमी तिला दाखवायचीच, असं मी ठरवलं होतं. इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यात आमची आजी तुळशीजवळ रांगोळीने रथ काढायची. संक्रांतीचं एक सुगड जपून ठेवलेलं असायचं, ते रात्रभर पाण्यात बुडवलेलं. गोवऱ्यांची छोटी रास, कापराची वडी, बोळक्यात पावशेर दूध, चिमूटभर तांदूळ, गुळाचा खडा. सूर्याकडे तोंड करून आम्ही मुलं बसायचो. दूध उतू जाऊन पूर्वेकडे ओघळलं की आजी हात जोडायची. उरलेल्या दुधाच्या खिरीला गोवरीच्या धुराचा वास यायचा, तो वास मला अजून कुठे मिळालेला नाही. वर्षाचे बाकी सगळे दिवस दूध उतू गेलं की आमच्या पाठीत धपाटा बसायचा. तो एक दिवस मात्र ते उतू जाण्याची वाट पाहायची.

आता आम्ही मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या बहुमजली इमारतीत, राहतो. गेल्या वर्षी कोणीतरी गच्चीवर शेकोटी केली, धूर घरांत शिरला, कमिटीने गच्चीवर आग पेटवायला बंदीची पाटी लावली. तक्रार खोटी नव्हती. दम्याचे पेशंट आहेत, लहान मुलं आहेत. मी रथसप्तमीसाठी परवानगी मागितली, तर उत्तर मिळालं, “काकू, गॅसवर घाला ना उतू.” गेल्या वर्षी मी तेही करून पाहिलं. दूध बर्नरमध्ये शिरलं, आच विझली, गॅस तसाच सुटत राहिला. नॉब बंद करून खिडक्या उघडेपर्यंत माझे हात थरथरत होते. ज्या कोणी गॅसवर हे करत असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, करू नका.

हीच आमची मल्टी पावसाळ्यात बागेत दालबाफल्यांची पार्टी करते. दोन पोती कंडे, म्हणजे गोवऱ्या, लागतात, दुपारभर धूर असतो. मीही तिथे बाफले वळायला बसते आणि तो दिवस मला फार आवडतो. तेव्हा जागा मिळते, पाण्याची बादली ठेवली जाते, वॉचमन उभा राहतो. मग वर्षातून एकदा, सकाळी अर्धा तास, दोन गोवऱ्या आणि एक बोळकं यांना त्याच बागेचा कोपरा का मिळू नये?

यंदाही परवानगी मिळाली नाही. आम्ही सकाळी रिक्षा करून रामबागेतल्या नातलगांच्या वाड्यात गेलो, भिजवलेलं बोळकं सुनेच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळलेलं. ऊन अंगणात उतरत होतं. गोवऱ्या पेटल्या, दुधावर साय धरली, साय फुगली, एकदा खाली बसली, पुन्हा फुगली, आणि काठावरून पांढरी धार निखाऱ्यांत सुटली. पूर्वेलाच गेली. सून काही बोलली नाही. मग म्हणाली, तिच्या आजीकडे धार काढायला बसलं की पहिल्या धारा जमिनीवर सोडायचे, जमिनीखाली राहतात असं मानलेल्या पऱ्यांसाठी.

तेव्हा मला कळलं की आपल्या दोन्हीकडे दूध जमिनीला का द्यायचं. आणि फरकही कळला. त्यांच्याकडे या दिवसांत दूध नुकतं यायला लागतं. आपल्याकडे म्हशी बहुतेक पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात, म्हणून माघात घरं दुधाने भरलेली असतात. इथल्या सराफ्यातल्या, रात्रीच्या खाऊबाजारातल्या, रबडीच्या कढया पाहा. त्यांचा सण दुधाची वाट पाहण्याचा, आपला दूध उतू जाण्याचा. पाकिटातलं दूध वर्षभर सारखंच येतं, त्यामुळे माझ्या नातीच्या वयाच्या मुलांना यातलं काहीही आपसूक कळणार नाही. त्यांना ते एकदा डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

मल्ट्यांच्या कमिट्यांना विनंती, बागेचा एक कोपरा आणि अर्धा तास द्या. आणि आपणास विनंती, पुढच्या वर्षी रथसप्तमी २५ जानेवारीला, रविवारी आहे. मुलांना शाळा नसेल. त्या चौकटीत कृपया एवढं छापा: संक्रांतीचं एक सुगड टाकू नका, धुऊन बाजूला ठेवा. मोकळ्या जागी, पत्र्याच्या लहान सिगडीत दोन गोवऱ्या, जवळ पाण्याची बादली. दूध पाव लिटर पुरे, पण बोळकं निम्म्याहून जास्त भरलेलं असावं, नाहीतर उतू जायला फार वेळ लागतो. आच मंद. राख गार झाल्यावर तुळशीच्या कुंडीत. आणि बोळकं आदल्या रात्रीच पाण्यात बुडवून ठेवायचं, कोरडं ठेवलं तर निखाऱ्यावर तडकतं.

आपली नम्र,
एक वाचक, इंदूर