निवारा केंद्रातले काका आणि आमचा वर्ग

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

समाजशास्त्राच्या मुलांनी बेघरांच्या निवारा केंद्रात जाऊन नेमकं काय करायचं असतं, सेवा की अभ्यास, असं तू विचारलं होतंस. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून हे पत्र.

आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला बजावलं : इतक्यात प्रश्नावली न्यायची नाही, वही काढायची नाही, फोटो तर मुळीच नाहीत. तिथे राहणारी माणसं प्रश्नांनी थकलेली असतात. नाव काय, वय काय, आजार कोणता, घर का सुटलं. नवा कर्मचारी आला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यात आमची भर नको होती. मग आम्ही चादरींच्या घड्या घातल्या, नोंदवही लिहिली, पत्ते खेळलो. बाकीचं हळूहळू कानावर येत गेलं.

बेघर माणसाला दिवसभर काही काम नसतं, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचा दिवस नुसत्या धडपडीत जातो. संध्याकाळी ठरल्या वेळी रांगेत उभं राहायचं, सकाळी ठरल्या वेळी बाहेर पडायचं. रात्रपाळीचं काम मिळालं तर खाट जाते, खाट टिकवायची तर काम सोडावं लागतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं सगळं सामान बरोबर घेऊनच नोकरी मागायला जायचं, आणि ते सामान बघूनच दारातून परत पाठवलं जायचं. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र अडतं, त्यामुळे बँकेतलं खातं अडतं, मग पगाराची नोकरी आणि भाड्याची खोलीही. शिवाय झोप. बूट उशाखाली, फोन मुठीत, एक डोळा उघडा. अशा माणसाला दुपारी बाकावर डुलकी लागली तर त्याला आळशी म्हणणाऱ्यांचा मला आता फार राग येतो.

बेघरांसाठी काम करणाऱ्या युरोपातल्या संस्थांच्या ‘फिआन्त्सा’ या महासंघाने 2005 साली एक वर्गवारी मांडली. ती आम्ही वर्गात वाचली. उघड्यावर झोपणारे हा त्यातला फक्त एक गट. तात्पुरत्या आश्रयाला असलेले, घरात मारहाणीच्या किंवा बाहेर काढलं जाण्याच्या भीतीत राहणारे, राहण्यालायक नसलेल्या जागेत दिवस काढणारे, हेही त्यात येतात. नाइलाजाने ओळखीच्यांकडे आज इथे, उद्या तिथे झोपणारेसुद्धा. हे वाचून झाल्यावर आमच्यातलीच एक जण म्हणाली, “म्हणजे मागच्या वर्षी मी बेघर होते.” मैत्रिणींच्या खोल्यांवर ती पाळीपाळीने झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी ग्रंथालयात हजर असायची. आम्हाला ती अभ्यासू वाटायची. (तिला विचारूनच हे तुला लिहितोय.)

हार्वर्डचे विद्यार्थी 1983 पासून एक रात्रनिवारा चालवत आले आहेत, हे मी आधी ऐकलं होतं. पण लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या मुलांनी 2016 मध्ये बेघर विद्यार्थ्यांसाठीच निवारा सुरू केला, हे मला तिच्या त्या वाक्यानंतर खऱ्या अर्थाने समजलं.

आता काकांबद्दल. पूर्वी ते छापखान्यात जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, होते. आम्ही फळ्यावर लिहिलेल्या सूचनेतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांनी न बोलता खडूने दुरुस्त केल्या. व्यवस्थापकांनी ते पाहिलं आणि फळाच त्यांच्याकडे सोपवला. तोवर नोंदवहीत ते ‘लाभार्थी’ होते : जेवण घेणारे, चादर घेणारे, सल्ले ऐकून घेणारे. फळा हातात आल्यावर लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले, शुद्धलेखनावरून त्यांच्याशी वाद घालू लागले. एका संध्याकाळी ते आले नाहीत, तर दोघं जण जेवण टाकून त्यांना शोधायला गेले. मला वाटतं, माणूस एखाद्या जागेचा होतो तो असा. तिथे त्याला काही मिळतं एवढ्याने होत नाही, त्याच्यावाचून तिथे काहीतरी अडावं लागतं. निवाऱ्यात नेमकं हेच कोणी होऊ देत नाही. सगळं आपणच करून देतो आणि वर त्याला सेवा म्हणतो.

निवाऱ्याने प्रश्न सुटतो, असं मात्र मी म्हणत नाही. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेने व्यसन सुटण्याची, उपचार पूर्ण होण्याची अट न घालता आधी घर द्यायला सुरुवात केली. फिनलंडने 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं आणि तिथली बेघरांची संख्या बरीच खाली आली. मला हाच मार्ग पटतो. ‘आधी सुधार, मग घर’ ही अट क्रूर आहे. रस्त्यावर झोपून कोण सुधारतं?

काकांनाही शेवटी खोली मिळाली. आम्ही सगळे आनंदलो. त्याच आठवड्यात ते संध्याकाळी फळा लिहायला हजर! खोलीवर बोलायला कोणी नाही, म्हणाले. त्यावर आमच्या वर्गात बरीच खडाजंगी झाली. काहींना वाटलं, ते परत येतात म्हणजे पुनर्वसन फसलं. मी उलट बाजूने भांडलो. रात्री स्वतःच्या दाराला आतून कडी लावता येणं आणि संध्याकाळी चार माणसांत जाऊन बसणं, दोन्ही त्यांना हवं आहे, जसं तुला-मला हवं असतं.

तू वसतिगृहाच्या समितीवर आहेस ना? सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यावर ज्यांना जायला जागाच नसते, अशी मुलं तुमच्याकडे आहेत का, हे चौकशीचा गाजावाजा न करता बघ. त्यांच्यासाठी निदान एक मजला उघडा ठेवता येईल का, तेही विचार. समितीला द्यायचा अर्ज लिहायचा असेल तर कळव, आपण मिळून लिहू. काकांकडून तपासून घेईन.

तुझाच,
जुना बाकमित्र